कागद मागितला म्हणून काका दुखावले

प्रश्न : नवी मुंबईत घरदुरुस्तीची आणि बाथरूम वॉटरप्रूफिंगची कामं घेणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत.

वडिलांचा पंचवीस वर्षांचा धंदा ताईंनी तीन वर्षांपूर्वी हातात घेतला. वडिलांनी कधी कुणाशी करारपत्र केलं नाही. खिशातल्या डायरीत माप, दर आणि उचल लिहायची, शनिवारी हिशोब करायचा, एवढंच. गेल्या वर्षी वाशीतल्या एका फ्लॅटचं बाथरूम खालच्या घरात गळलं. टाइल मिस्त्री म्हणाले पाइप गळतोय, प्लंबर म्हणाला जमिनीचा ढाळ, म्हणजे उतार, चुकलाय. फोडून पुन्हा करायचा सगळा खर्च ताईंवर पडला. आता घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं मोठं काम मिळतंय आणि तिथल्या आर्किटेक्टने प्रत्येक पोटठेकेदाराशी लेखी करार आणि लेबर इन्शुरन्स मागितला आहे. ताईंनी इंटरनेटवरून अकरा पानांचा इंग्रजी मसुदा घेतला. इलेक्ट्रिशियनने न वाचता सही केली. टाइल मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे, वय सत्तावन्न, ताई त्यांना काका म्हणतात. त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला, "तुझ्या वडिलांनी मला कधी कागद मागितला नाही," म्हणाले आणि निघून गेले. गेली दोन वर्षं ते ताईंचीच कामं करतात. मोठं काम स्क्वेअर फुटावर, छोटं हजेरीवर, म्हणजे रोजंदारीवर. सोबत त्यांचे दोन हेल्पर असतात. रंगकामाची दोन मुलं मात्र ताईंकडे रोजच्या हजेरीवर आहेत. ताई विचारतात : "आग्रह धरू, नवीन माणसं शोधू, की पूर्वीसारखं विश्वासावर चालू ठेवू? ही सगळी स्वतःचा धंदा करणारी माणसं आहेत. करारात तसं लिहून घेतलं की उद्या काही झालं तर माझ्यावर येणार नाही ना?"

उत्तर :

ताई,

तुमच्यात आणि काकांमध्ये आजवर करार नव्हता, असं तुम्ही पत्रभर धरून चालला आहात. तो होता. इतक्या दराने टाइल लावायची आणि काम झालं की पैसे द्यायचे, हे दोघांनी मान्य केलं त्या दिवशीच करार झाला. १८७२ चा भारतीय करार कायदा तोंडी करारालाही करारच मानतो. वाशीच्या बाथरूममध्ये अडचण झाली ती वेगळीच. तिथे तुमच्या, काकांच्या आणि प्लंबरच्या डोक्यात तीन वेगवेगळे करार होते आणि पाणी खालच्या घरात उतरेपर्यंत ते कुणालाच कळलं नाही.

वडिलांनी कागद केला नाही, असंही तुम्ही लिहिता आणि पुढच्याच ओळीत त्यांच्या डायरीचा उल्लेख करता. काकांच्या समोर मोजलेलं माप, त्यांच्या समोर लिहिलेला दर, त्यांच्या देखत मांडलेली उचल. पंचवीस वर्षं हा कागदच तर चालला. काकांना कागदाचं वावडं असतं तर त्या डायरीवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नसता. त्यांनी जो नाकारला, तो त्यांना न वाचता येणारा, त्यांना न विचारता लिहिलेला अकरा पानांचा कागद होता.

तो मसुदा तुम्ही पत्रासोबत पाठवलात हे बरं झालं. काकांच्या बाजूने एकदा वाचून पाहा. उशीर झाला तर दिवसाला पाच हजार दंड. बिलातले दहा टक्के वर्षभर अडकवून ठेवायचे. काहीही नुकसान झालं तर भरपाई त्यांनी द्यायची. वाद झाला तर निवाडा तुम्ही करायचा. आणि पैसे कधी मिळणार, याबद्दल अकरा पानांत एक तारीख नाही. त्यांनी सही केली नाही यात मला रुसव्यापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. मला काळजी वाटते ती तुमच्या इलेक्ट्रिशियनची, ज्याने न वाचता सही केली. त्या सहीवर तुम्ही निर्धास्त झालात तर घोडबंदरला पहिलं एक्स्ट्रा काम निघेल तेव्हा "मला हे माहीतच नव्हतं" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल, आणि ते खरंही असेल. त्यालाही परत बोलवा.

शिवाय त्या मसुद्यातली जी कलमं तुम्हाला भक्कम वाटतात, ती फारशी टिकणारीही नाहीत. दिवसाला पाच हजार लिहिले म्हणून कोर्ट तेवढे मिळवून देत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आणि वादातल्या एका पक्षानेच लवाद होऊन निवाडा करायचा, हे लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. म्हणजे काकांना दुखावण्याची किंमत मोजून तुमच्या हातात आलं असतं ते फार थोडं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. करारात 'स्वतंत्र ठेकेदार' असं लिहिलं की आपण सुटलो का? नाही. कागदावर काय नाव दिलंय यापेक्षा काम प्रत्यक्षात कसं चालतं, याकडे कायदा पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात शिंप्यांबद्दल हाच प्रश्न सोडवला होता. ते शिंपी नगावर पैसे घेत, त्यांच्या येण्याजाण्याची वेळ बांधलेली नव्हती, काही जण काम घरीही नेत. पण शिलाई मशिनं दुकानाची होती आणि शिवण पसंत पडली नाही तर ती उसवून पुन्हा करायला लावण्याचा हक्क मालकाचा होता. न्यायालयाने त्यांना कर्मचारी मानलं. हत्यारं कुणाची, काम कसं करायचं हे कोण ठरवतो, नफा-तोटा कुणाचा, माणूस इतरांकडे काम करायला मोकळा आहे का, ही सगळी बाजू एकत्र पाहिली जाते.

या नजरेने तुमची माणसं बघा. इलेक्ट्रिशियनकडे स्वतःचा परवाना आहे, हाताखाली स्वतःची कामाची मुलं आहेत आणि तो आणखी चार ठिकाणी काम करतो असं तुम्ही लिहिता. तो खरोखर स्वतंत्र ठेकेदार आहे, त्याच्याशी ठेक्याचा करार शोभतो. रंगकामाची दोन मुलं तुमच्या वेळेवर येतात, तुमच्या ब्रशने रंगवतात आणि संध्याकाळी हजेरी घेतात. ती तुमची कामगार आहेत. त्यांच्या सह्या ठेकेदार म्हणून घेऊ नका, ते खोटं होईल. त्यांना नियुक्तीचं पत्र द्या, हजेरीपुस्तक ठेवा, किमान वेतनाच्या खाली जाऊ नका आणि पगार बँकेतून द्या. काका मात्र मधे आहेत. कटर त्यांचा, हेल्पर त्यांचे, दर स्क्वेअर फुटाचा. पण दोन वर्षं काम फक्त तुमचं आणि अधूनमधून हजेरीही. इथे तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल आणि तो काकांना विचारून घ्यावा लागेल. ठेकेदार म्हणून राहायचं असेल तर प्रत्येक काम मापावर आणि ठरलेल्या दराने घ्यावं, हजेरीची सरमिसळ बंद करावी, इतरांची कामं घ्यायला ते पूर्ण मोकळे असावेत आणि कागदावर तसंच यावं. की या वयात त्यांना महिन्याच्या पगारावर साइट सुपरव्हायझर व्हायला आवडेल? पंचवीस वर्षांचा हात आणि नजर असलेला माणूस बेचाळीस अंश उन्हात गुडघ्यावर बसून टाइल लावतोय, त्यापेक्षा चार नव्या मिस्त्र्यांचा ढाळ तपासतोय, यात तुमचाही फायदा आहे. हा पर्याय तुमच्या पत्रात नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिला.

अपघाताबद्दल जरा थांबून बोलायला हवं. काकांचा हेल्पर परांचीवरून पडला तर 'तो काकांचा माणूस' असं म्हणून तुम्हाला बाजूला होता येत नाही. जो आपल्या धंद्यातलंच काम दुसऱ्याला ठेक्याने देतो, त्याच्याकडून त्या ठेकेदाराच्या कामगाराला भरपाई मागता येते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कलम १२ मध्ये हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व आहे. तुम्ही दिलेली भरपाई पुढे ठेकेदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला असतो, पण काकांकडून पंधरा लाख वसूल करणार आहात का? आकडा उगाच घेतला नाही. महिन्याचं वेतन १५,००० रुपये धरलं आणि दगावलेला कामगार तीस वर्षांचा असला तर भरपाई काढतात ती वेतनाच्या निम्मे गुणिले २०७.९८, म्हणजे साडेपंधरा लाखांच्या वर. आणि 'अपघात झाल्यास आम्ही जबाबदार नाही' असं कामगाराकडून लिहून घेतलेलं असेल तर ते लिहिणं त्याच्या हक्कापुरतं रद्दच समजलं जातं.

त्यामुळे या भागात कराराचं काम विमा करतो. कामगारांच्या अपघाती भरपाईची, धंद्यात जिला डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी म्हणतात, ती तुमच्या नावाने घ्या आणि पोटठेकेदारांचे कामगारही तिच्यात धरले आहेत असं पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्या. हे आपोआप होत नाही, सांगावं लागतं. हप्ता वेतनावर ठरतो म्हणून वेतन कमी दाखवायचा मोह होतो, पण दाव्याच्या वेळी तोच आकडा तुमच्यासमोर येतो. उपचाराच्या खर्चाचं कव्हर बहुतेकदा वेगळं जोडावं लागतं, तेही विचारा. घोडबंदरच्या कामात हा हप्ता दर भरतानाच अंदाजपत्रकात धरा, म्हणजे तो कुणाच्या मजुरीतून कापायची वेळ येणार नाही. याशिवाय प्रत्येक कामगाराला बँकेतून वर्षाला वीस रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घ्यायला लावा. दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे; ते डब्ल्यूसीच्या जागी चालणार नाही, पण घरच्यांच्या हातात ते लवकर पडू शकतं. करारात या विषयावर तीनच ओळी पुरतात. हेल्मेट, बेल्ट आणि परांचीचं सामान कुणी आणायचं; बेल्टशिवाय बाहेरच्या बाजूला कुणी चढायचं नाही आणि चढलं तर काम थांबवायचा हक्क दोघांनाही; अपघात झाला तर आधी दवाखाना आणि पहिला खर्च तुमचा, हिशोब नंतर.

आता वाशीकडे येऊ, कारण तुमचा खरा करार तिथे दडलेला आहे. बाथरूमचं काम एका माणसाचं नसतं. बिगारी जुन्या टाइल फोडतो. प्लंबर भिंतीत खाचा मारून पाइप टाकतो आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी जायचं तोंड, बसवतो. वॉटरप्रूफिंगवाला थर देतो, भिंत आणि जमिनीच्या सांध्यात वाटा (गोलाई) मारतो, कोबा टाकतो. मग काका टाइल लावतात. शेवटी प्लंबर परत येऊन नळ आणि कमोड बसवतो. गळती होते ती बहुतेकदा या माणसांच्या मधल्या जागेत : ट्रॅपच्या भोवती नीट न भरलेल्या फटीत, कोब्यावर पडलेल्या पहारीच्या घावात, कमोडच्या स्क्रूसाठी खोल मारलेल्या ड्रिलच्या भोकात. आणि टाइल बसली की खालचं काहीच दिसत नाही, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

म्हणून करारात सगळ्यात जास्त जागा ताबा देण्याघेण्याला द्या. पाइपची प्रेशर टेस्ट झाली, गेजचा फोटो काढला, प्लंबर आणि पुढचा माणूस दोघांनी पाहिलं, तारीख घातली. इथून पुढे खाच उघडली तर ती उघडणाऱ्याची जबाबदारी. थर आणि कोबा झाल्यावर ट्रॅप बंद करून पाणी भरायचं, किमान चोवीस तास, जमलं तर अठ्ठेचाळीस. खालच्या घराच्या छताचा फोटो आधीचा आणि नंतरचा. काकांनी टाइलला हात लावण्याआधी ढाळ ट्रॅपकडे जातोय हे स्वतः पाणी ओतून पाहायचं आणि पसंत नसेल तर तिथेच सांगायचं. एकदा टाइल सुरू केली की खालचा पृष्ठभाग त्यांनी स्वीकारला असं धरायचं. टाइल झाल्यावर प्लंबर कमोड बसवताना किती खोल ड्रिल मारणार, हेही एका ओळीत लिहा. हे सगळं चार-पाच रकान्यांच्या एका तक्त्यात मावतं, आणि तो तक्ता त्या बाथरूमच्या दारावर चिकटवला तर साइटवरच भरला जातो. वाशीला असा एक तक्ता असता तर खर्च कुणाचा हे फोडण्याआधीच कळलं असतं. आणि ज्याची चूक नव्हती त्याच्यावर संशय राहिला नसता. काकांच्या मनात काय बोचतंय याचा विचार करताना हेही लक्षात घ्या.

दराचं कलम लिहिताना 'टाइल काम अमुक रुपये स्क्वेअर फूट' एवढ्यावर थांबू नका. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) रनिंग फुटात वेगळं की त्यातच? कोपऱ्यांना पंचेचाळीस अंशांचं कटिंग, नळाची भोकं, ग्राउटिंग? टाइलचे खोके लिफ्ट बंद असताना सातव्या मजल्यावर कोण चढवणार? डेब्रिजच्या गोणी खाली कोण नेणार? मोडतोड किती टक्क्यांपर्यंत तुमची आणि त्यापुढची कुणाची? वाशीच्या कामाचं स्कर्टिंग अजून मिळालं नाही, असं काका म्हणतात आणि ते त्यातच होतं, असं तुम्ही म्हणता. दोघंही प्रामाणिक आहात असंच मला वाटतं. त्या वेळी ते कुणी बोललंच नव्हतं. ती रक्कम घोडबंदरचा विषय काढण्याआधी देऊन टाका.

एक्स्ट्रा कामाला एक साधा नियम लावा : काम सुरू व्हायच्या आधी मेसेजवर काम, माप, दर आणि समोरून 'हो'. घरमालक साइटवर येऊन मिस्त्रीला परस्पर काही सांगतात, तेव्हा मिस्त्रीने तुम्हाला कळवायचं आणि तुमचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. असे मेसेज पुरावा म्हणून चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींची तरतूद आहे, फक्त त्यासोबत ठरलेलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा चॅट पुसू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या.

पैशांच्या तारखेबद्दल माझं मत ठाम आहे. 'सोसायटीने दिले की देते' हे कलम घालू नका. सोसायटी निवडणं, तिच्याकडून ॲडव्हान्स घेणं, बिल लावून धरणं हे तुमच्या हातात आहे. काकांच्या हातात त्यातलं काहीच नाही आणि त्यांचे हेल्पर शनिवारी पैसे मागणार आहेत. दर पंधरा दिवसांनी दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सही करायची, सात दिवसांत पैसे. मापावर मतभेद झाला तर मान्य तेवढे लगेच द्यायचे आणि उरलेल्या मापासाठी दोघांनाही चालेल असा एक बाहेरचा इंजिनिअर आधीच ठरवून ठेवायचा. काकांनी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली, ती मोफत आहे, तर २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा त्यांच्या बाजूने उभा राहू शकतो. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असं तो सांगतो. मालासकट घेतलेल्या ठेक्यांना तो लागू होतो का यावर कोर्टात मतभेद आहेत, काका मात्र लेबर रेटवर, म्हणजे फक्त मजुरीवर, काम करतात.

अडवून ठेवायच्या रकमेबद्दल : बाथरूमची गळती पावसाची वाट पाहत नाही, रोजच्या वापरात बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत दिसते. पूर्ण पावसाळा जावा लागतो तो गच्चीच्या कामाला. मग बाथरूमसाठी वर्षभर दहा टक्के कशाला? पाच टक्के, तीन महिने आणि परत द्यायची तारीख करारात लिहिलेली. दोष ज्याच्या टप्प्यातला निघेल त्याने मजुरी न घेता दुरुस्त करायचं. माल दिलेला तुमचा असेल आणि मालच खराब निघाला तर मजुरी तुम्ही द्यायची.

हिशोबाचं थोडक्यात. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. तुमची उलाढाल टीडीएस लागण्याइतकी असेल तर ठेकेदार व्यक्तीला एका वेळी तीस हजारांवर किंवा वर्षात लाखावर देताना एक टक्का कापावा लागतो. काकांना ते आधी सांगा आणि रिटर्न भरून परत कसे मिळतात, हे तुमच्या सीएकडून त्यांना समजावून द्या. न सांगता कापलेला एक टक्का दंडासारखा लागतो.

कागदाच्या रूपाबद्दल तुम्ही घाबरला आहात त्याहून ते सोपं आहे. भाषा मराठी, म्हणजे काका स्वतः वाचतील. तुमच्याकडे हिंदी वाचणारा कारागीर असेल तर त्याची प्रत हिंदीत. वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसाने वाचून दाखवावं आणि साक्षीदार म्हणून तशी सही करावी. कायमच्या अटींचा एकच दोन-तीन पानी करार वर्षातून एकदा करा आणि प्रत्येक कामाला एका पानाची वर्क ऑर्डर काढा : जागा, काम, दर, तारखा आणि तो तक्ता. मुख्य करार स्टॅम्प पेपरवर घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभरच्या जागी पाचशेचा लागतो आणि ठेक्याची रक्कम मोठी असेल तर शुल्क वाढू शकतं, ते वकिलाकडून एकदा तपासून घ्या. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. नोटरी सक्तीची नाही. प्रती दोन, आणि दुसरी प्रत त्याच दिवशी काकांच्या हातात.

काकांकडे जाल तेव्हा स्टॅम्प पेपर घेऊन जाऊ नका, वडिलांची डायरी न्या आणि एक कोरी वही. पहिला प्रश्न त्यांना विचारा : आजवर कुठल्या कुठल्या कामात तुमचं राहिलं, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय लिहू? त्यांच्या अटी आधी लिहा, त्यांच्याच शब्दांत. त्यात तारखेचा आणि एक्स्ट्रा कामाचा मुद्दा येणार याची मला खात्री आहे. मग तुमच्या अटी. दोघांचं लिहून झालं की तोच करार, फक्त टाइप करायचा. "सोसायटी मागते म्हणून" असं म्हणून सगळं सोसायटीवर ढकलू नका. तुम्हालाही तो हवा आहे आणि का हवा आहे हे सांगा; वाशीचे पैसे गेले तेव्हा तुमची काय अवस्था झाली, हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल.

तरीही ते नाही म्हणाले तर? मग त्यांच्याशी भांडून घोडबंदरला नेऊ नका. तिथे करार ही अट आहे, तिथे दुसरा मिस्त्री घ्या आणि हे काकांना तुम्हीच आधी सांगा, इतरांकडून कळू देऊ नका. छोटी कामं त्यांच्यासोबत वर्क ऑर्डर मेसेजवर पाठवून चालू ठेवा. नवीन माणसं आणून सगळंच बदलायचा विचार मात्र मला पटत नाही. नव्या माणसाशीही पहिल्या गळतीनंतर हाच वाद होणार, आणि त्याच्यापाशी पंचवीस वर्षांची ओळख नसेल.

एक गोष्ट मात्र करार होवो न होवो, या महिन्यात करा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात काकांची आणि त्यांच्या हेल्परांची नोंदणी आहे का, विचारा. ती अठरा ते साठ वयातच होते आणि गेल्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. काका सत्तावन्न वर्षांचे आहेत. ते प्रमाणपत्र तुम्हाला खरेपणाने देता येईल. हजेरीपुस्तक आणि वर्क ऑर्डर नीट असल्या तर अधिक सोपं जाईल.

ज्यांचं पत्र नाही पण हाच प्रश्न आहे अशा वाचकांसाठी दोन शब्द. स्वतःच्या घराचं काम ठेकेदाराला देणाऱ्यांनी वरचा टप्प्यांचा तक्ता जसाच्या तसा मागावा आणि पैसे महिन्यांना न बांधता टप्प्यांना बांधावेत. काम सदोष निघालं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. आणि मिस्त्री बंधूंनो, झालेल्या कामाचे पैसे बुडाले तर दावा करायला साधारण तीन वर्षं असतात. समोरच्याने "देतो, थोडं थांबा" असं मेसेजवर लिहिलं असेल तर तो मेसेज जपून ठेवा.

ताई, सोसायटीला कराराच्या प्रती देताना दराची पानं काढून द्या. काकांचा दर काकांचा आणि तुमचा तुमचा. आर्किटेक्टला हवं आहे ते काम कोण करतंय, विमा आहे का आणि गळलं तर कोण येणार, एवढंच. पॉलिसीची प्रत मात्र पूर्ण द्या आणि तिची सुरुवातीची तारीख पहिली परांची बांधायच्या आधीची आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.